न दिसणाऱ्या घराचं भाडं

३ ऑक्टोबर

दादा,

आधीच सांगते, घरात सगळे बरे आहेत. नाहीतर पहिली ओळ वाचूनच तू तिकडे डोंगरावर छाती धरून बसशील. मूठभर मजेत आहे. आता तिला मूठभर म्हणणं म्हणजे थट्टाच झाली, नऊ महिन्यांत अशी गुटगुटीत झालीय की कडेवर घेतली की माझाच खांदा उतरतो. काल तिने सासूबाईंचा चष्मा ओढून काडी वाकवली. सासूबाई म्हणाल्या, "मामावर गेलीय, हात लावील ते बिघडवील."

घाबरलेय ती मी. आणि ह्यांना काही सांगितलेलं नाही.

काल पोस्टाने एक पाकीट आलं. जाड कागद, वर लाल शिक्का, खाली कुणाची तरी वळणदार सही. तीनदा वाचलं तेव्हा कळलं. लिहिलंय की तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आलीय, दहा दिवसांत पैसे भरा, नाहीतर ते नाव दुसऱ्याला देऊन टाकू. आकड्यातली शून्यं मी शिवणाच्या सुईने एकेक मोजली. ह्यांनी दोन महिने शिडीवर चढून भिंती रंगवल्या तरी तेवढे हाती येणार नाहीत.

दादा, ती वेबसाइट गेली तर माझं काय होईल? तूच तर करून दिलीस. मूठभर सातव्या महिन्यात झाली, किलोभर वजनाची, आणि दुकानातलं सगळ्यात लहान झबलं तिला तंबूसारखं व्हायचं. म्हणून मी जुन्या मऊ चादरीचं झबलं शिवलं, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे कातडीला टोचायला नको, आणि बाजूला बंद, म्हणजे नळ्या न काढता घालता येतं. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी ते बघितलं आणि आणखी चार मागितली. आता तीन दवाखान्यांतून मागणी येते, सगळी त्या वेबसाइटवरून. आया स्वतः माप भरतात, वजन इतकं, डोकं इतकं, छाती इतकी. दोनशे बारा बाळं झाली. किती ग्रॅमच्या बाळाला केवढी बाही लागते हे कुठल्या पुस्तकात नाही, ते फक्त तिथे आहे. मी कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे.

पैसे भरू का? मूठभरच्या नावाने डब्यात थोडे आहेत. उद्या जीपवाल्या काकांकडे पत्र देतेय, शनिवारी तुझ्या हातात पडेल. त्यांना थांबवून ठेव आणि लगेच लिही.

तुझी
चिंगी

५ ऑक्टोबर

चिंगे,

काका चहा पितायत, कप संपेपर्यंत लिहितोय. एक पैसासुद्धा भरायचा नाही!

ते पत्र भामट्यांचं आहे. वेबसाइटचं नाव म्हणजे दुकानावरची पाटी. ती मी पाच वर्षांसाठी घेतलीय, अजून चार बाकी आहेत. कुठली पाटी कुणाची, हे लोकांना बघता येतं. तिथून हे भामटे पत्ते उचलतात आणि लाल शिक्के मारून पाठवतात. शंभरातला एक घाबरतो आणि भरतो. तो एक तू व्हायचं नाहीस.

दुसरा असतो सर्व्हर. म्हणजे खोली, जिच्यात तुझं सगळं सामान आहे. बाळांची मापं, मागण्या, फोटो. ही खोली आपण महिन्याच्या भाड्याने घेतलीय. ते भाडं माझ्या कार्डावरून दर महिन्याला आपोआप जातं, तुला बघायचंही कारण नाही. पाटीवाला वेगळा, खोलीवाला वेगळा.

तेव्हा नीट ध्यानात ठेव. कुणीही, कसाही, कितीही वेळा पैसे मागो, मी सांगेपर्यंत कुणालाही काहीही द्यायचं नाही. तू फक्त शिव. बाकी सगळं तुझ्या दादाने चोख लावून ठेवलंय.

इथे वारा असा आहे की तो मोजायच्या यंत्राची वाटीच उडाली. दर तीन तासांनी मोजायचं आणि वायरलेसवर खाली सांगायचं. आम्ही तिघं, एक शेगडी आणि फोनला एक दांडीसुद्धा नाही.

काका उठले.

दादा

१० ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसले की मूठभर दचकून रडायला लागली. लाल शिक्क्याच्या कागदावर मी टोपीचा नमुना आखला. जाड आहे, चांगला कामाला आला.

आणि ऐक, आता मी शहाणी झालेय. आणखी भामटे आले! हे जरा हुशार. पोस्टाने नाही, फोनवर आले, आपल्या मागण्यांच्या मेलपेटीत. शिक्का नाही, दमदाटी नाही, अगदी गोड. "आपले कार्ड स्वीकारले गेले नाही. कृपया माहिती तपासावी." मी म्हटलं, वा रे गुलामा! पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. पुसलं. पाच वेळा आलं, पाचही वेळा पुसलं. शेवटच्यात म्हणे, सव्वीस तारखेपर्यंत भाडं आलं नाही तर जागा बंद करू, आणि मग सात दिवसांनी सामान काढून टाकू. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "सामान काढणार म्हणे! उंबरठा तरी बघितलाय का आपला?"

बघ, तुझी बहीण आता फसायची नाही.

मागण्या सतरा आहेत. त्यातलं एक जुळं आहे, एक नऊशे ग्रॅमचं आणि एक हजार चाळीसचं. दोघांना एकाच कापडातलं शिवतेय.

तुझं जेवणाचं कसं? खोकला गेला का? वाटीचं काय झालं?

चिंगी

१२ ऑक्टोबर

चिंगे,

तुझं पत्र वाचून मी उभाच राहिलो. काकांनी विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, अजून नाही, पण जाणार आहे.

अगं, ते भामटे नव्हते. तो आपला खोलीवाला होता!

चूक माझी आहे. तूच विचार कर, पहिलं पत्र धमकावत होतं, मोठा आकडा मागत होतं, मुदतही खोटी सांगत होतं. दुसऱ्याला आपलं नेहमीचं भाडं हवं होतं आणि कार्ड चालत नाही एवढंच तो सांगत होता. मी पाकीट काढून बघितलं. माझ्या कार्डावर नववा महिना छापलाय. म्हणजे ते सप्टेंबर संपताच मेलं. नवीन कार्ड माझ्या खोलीच्या दाराखालून टाकलेलं असणार, आणि किल्ली माझ्या खिशात आहे. आपोआप भाडं जातं म्हणालो ना, आपोआप जायला कार्डात जीव लागतो हे विसरलो.

तरी घाबरू नकोस. दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हरवाल्या कंपनीच्या पानावर जा, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्या नावाने आत शिर आणि जावईबापूंचं कार्ड लावून भाडं भर. कंपनी कार्डाचा कोड मागेल, तो जावईबापूंच्या फोनवर येईल.

पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात, आणि काका पत्रं वाचतात असा मला संशय आहे. म्हणून अर्धाच लिहितो. आधी ४७११. पुढे आपल्या लहानपणच्या बोकडाचं नाव, ज्याने बाबांची टोपी खाल्ली. ते तुला ठाऊकच आहे.

पाच वेळा चुकलं तर खातं कुलूपबंद होईल आणि उघडायचा कोड माझ्या जुन्या नंबरवर येईल. ते सिम तुझ्याकडे शिलाईच्या डब्यात ठेवलंय. पण तशी वेळ येणारच नाही.

दादा

१७ ऑक्टोबर

दादा,

तशी वेळ आली.

बोकड आठवला. टोपी आठवली. बाबा उघड्या डोक्याने लग्नाला गेले तेही आठवलं. पण नाव! मी त्याला बुवा म्हणायचे, दाढी होती म्हणून. लिहिलं, चुकलं. आई त्याला दिवसभर "मेल्या" म्हणायची. लिहिलं, चुकलं. बाबा तर त्याला "अहो" म्हणायचे. तेही लिहिलं दादा, हसू नकोस. मग मी बुवा एकदा वेगळ्या तऱ्हेने लिहिलं, आणि पाचव्यांदा नुसतं बोकड. कुलूप पडलं.

मग सिम शोधलं. मूठभरने ते तोंडात घातलं होतं, काढून पुसून ह्यांच्या जुन्या फोनमध्ये घातलं. नुसता भोपळा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "वहिनी, यात पाच महिने पैसे टाकलेले नाहीत, कंपनीने नंबर काढून घेतला. आता दुसऱ्याला दिला असेल." म्हणजे तुझा कोड आता कुणाच्या तरी घरी वाजतोय आणि त्या बिचाऱ्याला कळत नाहीये, हे काय आहे.

दादा, मला रात्रीची झोप लागत नाही असं म्हणणार होते, पण लागते. दिवसभर शिवून आडवी झाले की मेल्यासारखी झोपते. दिवसा मात्र बाह्या उलट्या जोडतेय. ते पाचही मेल मी माझ्या हाताने पुसले. हसत हसत. सव्वीस तारखेला बंद होणार, दोन तारखेला सगळं पुसणार. दोनशे बारा बाळं. सतरा अजून वाट बघतायत, आणि त्यांच्या आयांचे पत्ते तिथेच आहेत.

सासूबाईंनी ओळखलंच. मी टाकीच्या नळाखाली कपडे धरून उभी होते, पाणी बंद होतं. म्हणाल्या, "सूनबाई, नळ सोडायचा असतो." मग सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आणि तो तुझा भाऊ तिकडे वारा मोजतोय!"

बोकडाचं नाव काय होतं रे?

चिंगी

१९ ऑक्टोबर

चिंगे,

इन्स्पेक्टर.

दारोदार जाऊन सगळ्यांच्या ओट्यावर काय आहे ते तपासायचा, म्हणून मी त्याला इन्स्पेक्टर म्हणायचो. मला वाटलं सगळेच म्हणतात. आता आठवतं की मी ते फक्त मनातल्या मनात म्हणायचो.

तुझ्यापासून काय लपवू? मी चोख लावून ठेवलंय म्हणालो, तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. खरं काय ते आता ऐक. भाडं एकाच कार्डावर, कार्ड माझं. कोड एकाच नंबरवर, नंबर माझा आणि मेलेला. सूचना यायच्या त्या माझ्या मेलवर, जो इथे उघडतच नाही. तुझी मेलपेटी मी दुसरा संपर्क म्हणून दिली, पण ती पेटी त्याच सर्व्हरवर आहे. सर्व्हर बंद तर पेटीही बंद. आणि सगळ्यात वाईट ते शेवटी. सामानाची एक नक्कल दर आठवड्याला आपोआप निघते, पण ती मी त्याच सर्व्हरवर ठेवलीय. घराची जादा किल्ली करून घेतली आणि घरातच टांगून दार ओढून घेतलं.

हे मी नोकरीत केलं असतं तर हाकललं असतं.

मला इथून नोव्हेंबर संपेपर्यंत उतरता येत नाही. एक जण आजारी पडलाय, दोघांत तिघांचं चाललंय. म्हणून सोबत दोन कागद पाठवतोय. एक माझ्या ओळखपत्राची नक्कल. दुसरं माझ्या सहीचं पत्र, की हे खातं माझ्या बहिणीचं आहे, ते तिच्या नावावर करा. पत्रात खाली कंपनीचा फोन नंबर आहे. तिथे माणसं असतात. त्यांना फोन कर.

तू अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाहीस हे मला माहीत आहे. मूठभर झाली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतल्या त्या कारकुनाने फॉर्म चुकला म्हणून सगळ्यांसमोर तुला झापलं, तेव्हापासून. तरीही सांगतोय. माझ्याकडे दुसरी वाट नाही.

तुझा बिनडोक
दादा

२६ ऑक्टोबर

चिंगे,

गाडी आली, पीठ आलं, बटाटे आले, तुझं पत्र नाही. काकांना दोनदा सगळी पोती उचलायला लावली. ते म्हणतात तू या वेळी जीपपाशी आलीच नाहीस.

आज सव्वीस. काय झालं? फोन केलास का? शिव्या द्यायच्या असतील तरी लिही. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

दादा

३१ ऑक्टोबर

दादा,

बस आणि वाच. हे पत्र लांब आहे, काकांना दोन कप चहा दे.

तुझे कागद वीस तारखेला आले. मी ते वाचले, घडी घातली आणि मशिनच्या खणात ठेवून दिले. रोज खण उघडायचे, बॉबिन काढायचे, कागद बघायचे, खण लावायचे. पाच दिवस हेच. तुला काय लिहू? फोन हातात घेतला की तो कारकून दिसायचा आणि मी फोन परत ठेवायचे. म्हणून मागच्या शुक्रवारी मी काकांकडे गेलेच नाही. लाज वाटली.

सव्वीस तारखेला सकाळी वेबसाइट उघडली तर पांढरं पान. नुसतं पांढरं. फोन बंद करून चालू केला, तरी पांढरंच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर दारात उभ्या. रविवारच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतः, जिना चढून, ह्यांच्या रंगाच्या डब्यांतून वाट काढत. म्हणाल्या, "अगं, ते पान उघडत नाही. एक बाळ आलंय, साडेआठशे ग्रॅम. त्याची आई कालपासून फोन घेऊन बसलीय, माप भरायचंय म्हणते. मी सांगितलं, थांब, ती बाई अशी बंद करणारी नाही." त्यांनी माप कागदावर लिहून दिलं आणि गेल्या. दादा, ती आई तिथे फोन घेऊन बसलीय आणि मी इथे फोनला घाबरून बसलेय, दोघीही बसल्याच! मी खण उघडला.

सोमवारी फोन लावला. आधी गाणं लागलं. वीस मिनिटं तेच गाणं. मूठभर नाचायला लागली. मग एक मुलगी आली, भराभर बोलली, खातेदार तुम्हीच का? मी म्हटलं, नाही, माझा भाऊ. ती म्हणाली, मग खातेदारांनाच बोलायला सांगा, आणि ठेवला. मी फोन उलटा ठेवला.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आण इकडे." परत गाणं, परत तीच मुलगी. आणि सासूबाई काय बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते. "बाळ, तुझं जेवण झालं का? झालं? छान. आता ऐक. खातेदार डोंगरावर आहे, तिथे फोन नाही, आणि त्याला अक्कलही जरा कमीच आहे. त्याचं सहीचं पत्र आमच्याकडे आहे. भाडं द्यायला माणूस पैसे हातात घेऊन दारात उभा आहे आणि तुम्ही दार उघडत नाही. असा घरमालक मी जन्मात बघितला नाही." ती मुलगी हसली. म्हणाली, आजी, पत्र आणि ओळखपत्र पाठवा, मी वरच्या साहेबांना दाखवते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पाठवले. मंगळवारी उत्तर नाही. बुधवारी त्यांचाच फोन आला, आणि सासूबाई बाजारात! मीच घेतला.

ती म्हणाली, ताई, कागद ठीक आहेत, पण कागद कुणीही बनवतं. दुसऱ्या संपर्कावर कोड पाठवायचा तर ती पेटी बंद पडलेल्या सर्व्हरवरच आहे. मी म्हटलं, हो, माझ्या भावाने जादा किल्ली घरातच टांगलीय. ती म्हणाली, साहेब शेजारी बसलेत, त्यांच्यासमोर तुमच्या मागण्यांची वही उघडलीय. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, ते ताडून बघतील. शेवटची मागणी कुठली होती?

मी म्हटलं, जुळं. एक नऊशे ग्रॅम, डोकं पंचवीस सेंटिमीटर, छाती एकवीस. दुसरं हजार चाळीस, डोकं साडेसव्वीस. थोरल्याच्या डाव्या हाताला सुई आहे, म्हणून डावी बाही खांद्यापर्यंत उघडी.

ती म्हणाली, त्याच्या आधीची?

अकराशे ग्रॅम, मुलगी, पायाला नळी, झबलं गुडघ्याच्या वर. आईने खाली लिहिलंय, पिवळा रंग नको, कावीळ आहे, सगळे पिवळंच बघतात.

त्याच्या आधीची?

सांगत गेले, दादा. सतराच्या सतरा. मग जुनीही. मला कळेना, माझ्या तोंडातून कोण बोलतंय. मी काही पाठ केलेलं नव्हतं, पण प्रत्येक बाही मी कापलीय ना. मला बाळाचं नाव आठवत नाही, मनगट आठवतं. शंभराव्याच्या आसपास पोचले तेव्हा साहेबांचाच आवाज आला, "बास, ताई, बास. इतकं तर आमच्या मशिनलाही एका दमात सांगता येत नाही."

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "ते थोरलं कसं आहे?" मी म्हटलं, कालच सुई काढली, सिस्टरनी सांगितलं. तर तिकडे कुणीतरी टाळी वाजवली.

खातं माझ्या नावावर केलं. ह्यांचं कार्ड लावलं. ह्यांना मंगळवारीच सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, "महिनाभर एकटी कुढत होतीस? मी काय शिडीवरच राहतो का?" पांढरं पान काल दुपारी चार वाजता गेलं आणि आपलं पान आलं. एकही बाळ हरवलं नाही. मी मोजली, दोनशे बारा.

मग मी त्या मुलीला पाऊण तास धरून बसवलं आणि विचारून घेतलं. भाडं आता महिन्याचं नाही, वर्षाचं केलंय, जरा स्वस्तही पडतं. ह्यांचं कार्ड कधी मरणार ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिलंय, पाटीची मुदतही. पाठीला दुसरं कार्ड सासूबाईंचं. सूचना तीन ठिकाणी येणार, माझ्या फोनवर, ह्यांच्या फोनवर आणि मोठ्या सिस्टरच्या मेलवर, आणि यातलं एकही आपल्या सर्व्हरवर नाही. नक्कल दर रविवारी दुकानदाराकडून पेनड्राइव्हच्या काडीवर उतरवून आणायची. काडी घरात आणि दुसरी काडी सिस्टरकडे दवाखान्यात. आणि पैसे मागणारं काहीही आलं तर त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही, आपणच कंपनीच्या पानावर जाऊन बघायचं, खरंच देणं आहे का. हे मला त्या मुलीने सांगितलं. तू सांगायला हवं होतंस.

शिव्या द्यायच्या होत्या, पण पत्र संपलं.

चिंगी

२ नोव्हेंबर

चिंगे,

काका तीन कप प्यायले. तिसरा कप मी त्यांना "अक्कलही जरा कमीच आहे" हे वाचून दाखवत होतो म्हणून. ते इतके हसले की चहा नाकातून आला. आता सगळ्या घाटात मला त्याच नावाने ओळखतील. तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

तू जे केलंस त्यातलं निम्मंही मी केलं नव्हतं. शाळेत मी पहिला यायचो म्हणून सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या नावावर ठेवलं, आणि मी वर निघून आलो. तुला विचारलंच नाही.

आता एक विनंती. मी उतरलो की माझ्या खोलीचं भाडं, विजेचं बिल आणि त्या मेलेल्या सिमचं काय करायचं ते मला बसून समजाव. वहीत लिहून घेईन.

दादा

७ नोव्हेंबर

दादा,

समजावीन. फी म्हणून मूठभरला दोन तास सांभाळायचं. ती आता धरून उभी राहते आणि जे धरते ते पाडते.

साडेआठशेवाल्याचं झबलं दिलं. त्याची आई म्हणजे पोरसवदा, माझ्याहून लहान, काचेला नाक लावून उभी होती. मला म्हणाली, "ताई, तुमचं पान परत बंद पडलं तर? माझं बाळ तिथे लिहिलंय." मी म्हटलं, "नाही पडायचं." ती म्हणाली, "कशावरून?" मी म्हटलं, "माझ्या नावावर आहे ना!" आणि बोलून गेल्यावर माझी मलाच गंमत वाटली.

कारण काल त्यांचं बिल आलं. पोस्टाने, कागदावर, मीच मागितलं होतं. दादा, घराच्या कागदावर मी ह्यांची बायको आहे. दवाखान्याच्या कागदावर मी मूठभरची आई. त्याआधी बाबांची मुलगी होते. या बिलावर कुणाचीच कोणी नाही. माझं नाव, सर्व्हरचा नंबर आणि खाली "भाडे मिळाले". मी ते चारदा वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं, मग मूठभरला. सासूबाईंनी हातात घेतलं, चष्म्याची वाकडी काडी सरळ करत नीट बघितलं, परत बघितलं, उलटंसुद्धा केलं.

मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील.

म्हणाल्या, "मालकीणबाई, दूध उतू गेलंय."

चिंगी